वरून टाकलेला तिळगूळ

वीसेक वर्षं झाली, तरी तीळ भाजल्याचा वास आला की मी नऊ वर्षांचा होतो. डॅड कृष्णवर्णीय अमेरिकन, आई नागपूरकडची. न्यू जर्सीतल्या नूअर्कच्या आमच्या गल्लीत निम्मी घरं फळ्या ठोकून बंद होती; तिथल्या पोरांत माझ्याइतका भारी कॅच कुणी घेत नसे.

त्या संक्रांतीला आई मला जवळच्या एडिसन गावी एका मराठी काकूंकडे घेऊन गेली. काकूंनी बाकी मुलांच्या हातावर तिळगूळ ठेवला. माझा हात त्यांच्या बोटांना लागू नये म्हणून मला मात्र लाडू वरून सोडला.

मी तो झेलला. मला वाटलं, खेळच आहे. "वन मोअर, काकू! अजून वरून!"

आईच्या आजीच्या ओंजळीत गावात पाणी असंच वरून ओतायचे. आईची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

काकू हसल्या. "गोड बोलतो हं," म्हणाल्या, आणि दुसरा टाकला.