माळ उतरली, नळी सरकली

बाभुळगावकडच्या त्या गावात कुणाला कावीळ झाली की लोक आधी इंदूबाईचं दार गाठत. काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून ती माळ करायची आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक माळ वाढत गळ्यात, मग कमरेला, शेवटी पायांशी यायची. माळ उतरली की कावीळ उतरली, असं सगळं गाव मानायचं. बाई पैसा घेत नसे, मान मात्र पुरेपूर वसूल करायची.

मग तिचेच डोळे पिवळे झाले. स्वतःची माळ काही केल्या लागू पडेना, तेव्हा मुलगा अक्षय तिला यवतमाळला घेऊन गेला. पित्ताच्या वाटेत खडा अडकला होता. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून तिथे प्लास्टिकची बारीक नळी बसवली आणि ती काढायला तीन महिन्यांनी बोलावलं. पिवळेपणा गेला, तशी बाई ते बोलावणंही विसरली.

पुढे पोट दुखायला लागलं. बाभुळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, "नळी जागेवरून खाली सरकलीय. आजच यवतमाळला जा."

बाहेर आल्यावर इंदूबाईचा चेहरा उजळला. "खाली आली म्हंजे उतरूनच राह्यली ना रे. आता कायले यवतमाळले जाचं?"

अक्षय त्याच घरात वाढलेला. त्यालाही ते पटलं आणि मायलेक घरी परतले.

त्याच आठवड्यात थंडी वाजून ताप भरला, डोळे पुन्हा हळदीसारखे झाले. यवतमाळात नळी ओढून काढली. तिचं टोक आतड्यात रुतलं होतं आणि वर पित्त तुंबलं होतं. बाई थोडक्यात वाचली. पण खाटेवर पडल्या पडल्या तिला गावातल्या देवसिंगची लेक खुशी दिसू लागली. गेल्या वर्षी त्या पोरीची माळ पायांशी आली, तेव्हा आता दवाखान्याची गरज नाही असं इंदूबाईनंच ठणकावून सांगितलं होतं. पोर गेली. काड्या वाळून आकसतात, दोरा सैल पडतो, म्हणून माळ लांबते. गुंफणाऱ्या हातांना हे कळत नव्हतं का? कळत होतं, आणि त्याचंच तिला आता भय वाटायचं. घरी आल्यावरही खुशी सुटेना. चुलीपाशी, न्हाणीत, पायांत माळ घेऊन ती उभीच. बोलत काही नसे, नुसती बघायची.

एका रविवारी दारात देवसिंग आला. डोळे पिवळेजर्द. रीतीप्रमाणे पाटावर बसून त्यानं टोपी काढली आणि डोकं पुढे केलं.

इंदूबाईनं टोपी उचलून परत त्याच्या हातात दिली. "माळ नाही घालत, देवसिंग. माळेनं काही होत नाही. अक्षय गाडी काढते, आत्ताच यवतमाळले जा."

देवसिंगनं मान वर केली.

"माय, हे खुशीच्या वेळेस काहून नाही सांगतलं?"