आप्पांचा दिवस आणि माझं घड्याळ

आधीच सांगतो, असले अनुभव सांगणाऱ्यांची मला शिसारी येते. पिंपळावरची हडळ, मागं वळून बघायचं नाही वगैरे... सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग! मी बेळगावात शास्त्र आणि भूगोल शिकवायचो, राहायला अनगोळला. हे वाचून 'मास्तरांना उतारवयात झालंय तरी काय' म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. त्यांच्या मताला मी तेव्हाही काडीची किंमत देत नव्हतो.

आमचं गाव निपाणीकडं, मोटाररस्त्याच्या फाट्यापासून आठ मैल आत. घर जैन शेतकऱ्याचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, दिवस मावळल्यावर अन्नपाणी घेत नसत. चाळीस वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. मला त्याचं हसू यायचं. गावात वेळ सांगायची तऱ्हाच तसली: 'दिवस कासराभर वर हाय', म्हणजे सूर्य जमिनीपासून बैलाच्या दोरीएवढा उंच. अंतर विचारलं तर 'हे काय, हाकेवर.' कुणाची हाक? केवढी? अडाण्यांचा बाजार नुसता.

मग महायुद्धात सरकारनं सगळी घड्याळं एक तास पुढं केली. जुना टाइम, नवा टाइम... लोकांची तारांबळ बघून माझी छान करमणूक झाली. पुढच्या आषाढात आप्पा आमच्याकडं आले. आभाळ गच्च भरलेलं, सूर्य दिवसभर दिसलाच नव्हता. जेवायला वेळ आहे का, असं त्यांनी मला विचारलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात. मी झोकात एक तास वजा केला. जुने साडेसहा, सूर्यास्त सातनंतर, बसा निवांत! आप्पा जेवले. ताट उचलताना बायको हळूच म्हणाली, आप्पांना सोपं जावं म्हणून ते घड्याळ तिनं सकाळीच जुन्या टाइमावर लावलं होतं.

म्हणजे ते साडेसात जुनेच होते, दिवस केव्हाच मावळलेला. चाळीस वर्षांचं व्रत मी एका वजाबाकीत मोडलं. आणि माफी मागायची सोडून मी काय केलं? लेक्चर दिलं. सूर्य मावळत नसतो, पृथ्वी फिरते. तिकडं अरबस्तानात आत्ता ऊन असेल. मग तुमचा सूर्यास्त नक्की कुठला धरायचा?

आप्पा शांतपणे म्हणाले, "मी अरबस्तानात न्हाय बसलो. हितं बसलोय."

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले. त्यानंतर माझ्या हातचं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही. मीही ताठ्यातच राहिलो.

चैत्रात निरोप आला. आप्पांचं काही खरं नाही, आणि शेवटचं पाणी त्यांना माझ्या हातचं हवंय. पण दिवस असेतोवर.

युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालवलेली निपाणीची मोटार प्रत्येक चढाला धापा टाकत होती. फाट्यावर उतरलो तेव्हा माझ्या खिशातल्या घड्याळात नवे सहा वीस झाले होते. सूर्य कासराभर वर. शेजारचा तवनाप्पा बैलगाडी घेऊन थांबला होता. आठ मैलांना पावणेतीन तास, आणि सूर्यास्त नवे पावणेआठला. अर्ध्या वाटेतच मावळणार, हे मी त्या शहाण्याला समजावून सांगितलं.

"दिवस हाय तवर हाय, गुरुजी. बसा."

बसलो.

ओढा मागं गेला, माळ मागं गेला, आंब्याची राई मागं गेली. सूर्य मात्र तिथंच. सात वाजले... आठ वाजले. घड्याळ पळतंय म्हणावं, तर नाडी मोजली — मिनिटाला चौऱ्याहत्तर, रोजच्यासारखीच. गाडीची सावली होती तेवढीच लांब. तवनाप्पा आपला तंबाखू मळतोय. मला मात्र घाम फुटला होता, स्वच्छ सांगतो.

दारात उतरलो तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. अंगणात ऊन होतं.

आप्पांनी डोळे उघडले. "दिवस हाय न्हवं रं?"

माझा हात घड्याळाकडं गेला, तो मी मागं घेतला. दाराबाहेर बघून म्हणालो, "हाय, आप्पा."

माझ्या हातचं दोन घोट पाणी ते प्याले. थोड्या वेळानं दिवस मावळला. दिवेलागणीला आप्पा गेले.

गावात कुणालाच काही वावगं दिसलं नव्हतं. तवनाप्पाला खोदून विचारलं, तर म्हणाला, येळेवर आलता न्हवं, मग आणि काय पायजे? तिसऱ्या दिवशी निपाणीच्या तार ऑफिसात घड्याळ ताडून पाहिलं. अर्ध्या मिनिटाचाही फरक नव्हता.

शाळेतल्या एका दीडशहाण्यानं निदान केलं की नव्या-जुन्या टाइमाचा माझा परत घोटाळा झाला. अहो, तास वजा केला तरी आठ वाजून पाच उरतात की! चैत्रात आठ वाजता ऊन कुठलं? त्यावर त्यानं विषय बदलला. पुढंही जो तो आपली अक्कल पाजळून गेला. तुमचीही असेल तर जवळच ठेवा.

घड्याळ खरं धरलं, तर बापाचं व्रत मी दुसऱ्यांदा मोडलं, तेही ते मरताना. ऊन खरं धरलं, तर वर्गात जन्मभर मी काय शिकवत होतो? आप्पांशी मी शेवटचं खरं बोललो की खोटं, एवढं जरी कळलं असतं तरी पुरे होतं.