खंडेराव काकांचा जनरल

खंडेराव माने सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मूळचे खटावकडचे, आता फरीदाबादचे. त्यांच्या घराची वरची खोली माझ्याकडे भाड्याने आहे. मी मराठीत एम. ए. केलं आणि नोएडात एका चॅनेलसाठी बातम्या लिहिते. संध्याकाळचा चहा मात्र खाली, काका आणि सुमित्राकाकूंबरोबर.

गेल्या हिवाळ्यात काकांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. सावरले, पण उजवा हात थरथरतो. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"प्रज्ञा, तू शिकलेली आहेस. हे कोणत्या देशाचं आहे ते शोधून दे. मला परत करायचंय."

काकूंनी लोखंडी कपाट उघडलं. पांढऱ्या धोतरात गुंडाळलेला एक गणवेश बाहेर काढला. करडा कोट. कॉलरवर लाल पट्ट्या आणि सोनेरी वेलबुट्टी. खांद्यावर गोफासारखी विणलेली जाड दोरी, तिच्यावर एक तारा. पँटच्या दोन्ही बाजूंना रुंद लाल पट्टे. इतकी वर्षं जपूनही कुठे कसर लागली नव्हती.

"हा माझा जनरल," काका म्हणाले.

"आणि माझी सवत," काकू म्हणाल्या.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. काका दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये साधे शिपाई होते. काही परदेशी लष्करी पाहुणे आले होते. त्यातल्या एका जनरलच्या दिमतीला काकांना लावलं. जनरलना हिंदी येत नव्हती, काकांना इंग्रजी. दोघांचं हातवाऱ्यांवर भागलं. शेवटच्या दिवशी जनरलनी परेडचा जास्तीचा जोड इस्त्रीला दिला. विमानाची वेळ अचानक अलीकडे आली. काका इस्त्री करून सकाळी गेले, तर खोली रिकामी.

"मग?"

"मग आमच्या कॅप्टन साहेबांना दाखवला. ते म्हणाले, ठेव तुझ्याकडे, मागवतील. पुढच्या महिन्यात त्यांचीच बदली झाली. नव्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ज्यांनी ठेव म्हटलं त्यांना विचार."

"म्हणून तुम्ही ठेवलात? आजपर्यंत?"

काकांना माझा प्रश्न कळला नाही. "ठेव म्हणाले होते ना," ते म्हणाले.

जम्मू, झाशी, बबिना, जिथे बदली झाली तिथे हा गणवेश गेला. जनरल रशियन असणार अशी काकांची खात्री होती. निवृत्तीनंतर ते पिशवी घेऊन चाणक्यपुरीत गेले. एका दूतावासाच्या गेटवरून परत आले, मग दुसऱ्याच्या. नाव काय, देश कोणता, कागद कुठे, असं प्रत्येकाने विचारलं. काकांकडे फक्त कोट होता.

मला वाटलं, हे सोपं आहे. बटणांवर देशाचं चिन्ह असतं. मी कोट खिडकीपाशी नेला. बटणं आरशासारखी चमकत होती. त्यांवर काहीच नव्हतं. सगळ्यात खालच्या बटणावर तेवढे आपले तीन सिंह पुसट दिसत होते.

"हे तर भारताचं."

"ते माझ्या कोटाचं. त्यांचं एक हरवलं," काका ओशाळून म्हणाले.

"आणि बाकीची? चिन्ह कुठे गेलं?"

"चिन्ह होतं की. काहीतरी होतं." त्यांनी बटणावरून अंगठा फिरवला. "दर रविवारी ब्रासो मारतो मी, पितळेचं पॉलिश."

त्यांचा अंगठा तिथेच थांबला. काकांच्याही ते आत्ताच लक्षात आलं होतं. जनरल आले तर बटणं मळलेली दिसू नयेत, म्हणून त्यांनी रविवारमागून रविवार ती घासली होती. जनरलचा देशच घासून टाकला होता.

मी आठवडाभर इंटरनेटवर फोटो पाहिले. त्या काळातल्या कम्युनिस्ट सैन्यांचे गणवेश लांबून एकमेकांचे भाऊ वाटतात. लाल, सोनेरी, तारे. रशियाचा नसावा, रंग जुळत नव्हता. बल्गेरिया, पोलंड, आणखी कोण कोण. मी नक्की सांगू शकत नव्हते. तसं काकांना सांगितलं.

"मी गेलो की हा कोट भांडेवालीकडे जाणार," ते म्हणाले. "एका पातेल्यावर."

काकू उठल्या. शिवणाचा डबा घेऊन आल्या. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यातल्या गुंड्या, हूक, रिळं त्यांनी चादरीवर ओतली आणि एक काळपट बटण माझ्या हातात ठेवलं.

"हे हरवलेलं," त्या म्हणाल्या. "झाशीला उन्हात घालताना माझ्या हातून तुटलं. मी लपवून ठेवलं."

"का?" काकांनी विचारलं.

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडलो असतोच."

"मग?"

मी बटण ओल्या कपड्याने हलकेच पुसलं. काकांनी सवयीने ब्रासोची बाटली पुढे केली. मी ती बाजूला ठेवली. धान्याच्या ओंब्यांचं कडं. आत हातोडा. त्यावर कंपासपेटीतला कंपास.

काकांनी चष्मा लावला. "सॅपर दिसतोय. इंजिनियर रेजिमेंट."

"नाही काका. हातोडा कामगारांचा, कंपास शिकलेल्यांचा, ओंब्या शेतकऱ्यांच्या. हे पूर्व जर्मनीचं राजचिन्ह." मी फोनवर फोटो दाखवला. कॉलर तीच. दोरी तीच. एक तारा म्हणजे मेजर जनरल.

काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पाहिला नव्हता. "चला. जर्मनीच्या दूतावासात जाऊ. उद्याच."

मग मला ते सांगावं लागलं. तो देश आता नाही. पाहुणे येऊन गेल्यावर वर्ष-दोन वर्षांतच दोन जर्मनी एक झाले. हे सैन्य बरखास्त झालं. त्याआधीच त्याच्या सगळ्या जनरलना घरी पाठवलं होतं.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"वर्दी उतरवायला लावली?"

"हो."

दूतावास नाही, सैन्य नाही, मागवणारं कार्यालय नाही. मला वाटलं, आता काका सुटले. मी तसं म्हणालेही. एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकू, असं सुचवलं.

"संग्रहालयाने इस्त्रीला दिला नव्हता," काका म्हणाले. "देश गेला, माणूस कुठे गेला? त्याची मुलंबाळं असतील. देश कळला, हुद्दा कळला, कोणत्या वर्षी आला ते मला ठाऊक आहे. नाव सापडेल."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर तू शोधत राहा."

मी हसले. ते हसत नव्हते.

"हात असा झालाय. माझा पोरगा याला इथल्या लोहडीच्या शेकोटीत टाकेल. तू चार्ज घे."

मी काकूंकडे पाहिलं. त्या कोट असायचा तो कपाटाचा कप्पा आधीच झाडत होत्या. मी तेवीस वर्षांची. भाड्याच्या खोलीत राहते. पुढच्या वर्षी कोणत्या शहरात असेन ते मला माहीत नाही. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "सही कुठे करू?"

"सही कसली? एक एक वस्तू बघून ताब्यात घे," काका म्हणाले. त्यांनी थरथरत्या हाताने कोट चादरीवर पसरला. कॉलरपासून सुरुवात केली.