उलटा फिरणारा इम्पेलर

आमच्या कारखान्यातून गिऱ्हाइकांना दर महिन्याला जाणारी पत्रं बावीस वर्षं मी लिहीत होतो. कारखाना बेळगावात, उद्यमबागेत. पंपाचे बिडाचे भाग आम्ही ओततो, मशीनवर तासून तयार करतो आणि पंप बनवणाऱ्यांना, विकणाऱ्यांना पाठवतो. निपाणी, कोल्हापूर, इचलकरंजीला मराठीत पत्र जायचं, हुबळीकडं कन्नडात, राजकोट-कोइमतूरला इंग्रजीत. आधी टाईप करून पोस्टानं, मग फॅक्सनं, मग मेलनं. साधन बदलत गेलं, लिहिणारा मीच राहिलो. त्याचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवलाही नाही.

दुसरा गर्व त्याहून मोठा होता. ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्यांत मशीनवर काम केलेला मी एकटा. जांबोटीकडच्या खेड्यातून आलो तेव्हा मी लेथवर, म्हणजे बीड तासायच्या मशीनवर, उभा राहायचो. पुढं अक्षर चांगलं म्हणून थोरल्या मालकांनी आत बसवलं. लेथवरच्या पहिल्याच आठवड्यात मी इम्पेलर हातात धरून तो कुठल्या बाजूला फिरतो ते चुकीचं सांगितलं होतं. इम्पेलर म्हणजे पंपाच्या पोटात गरगरणारी, वाकड्या पाकळ्यांची चकती. बघणाऱ्याला वाटतं, या पाकळ्या ओंजळीसारखं पाणी ओढत असतील. मलाही तसंच वाटलं. शॉपमधले, म्हणजे मशीनवरचे, सगळे हसले. तेव्हाच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी खडू घेऊन फरशीवर काढून दाखवलं. "पाणी वडायचं नसतंय रं, भिरकवायचं असतंय. पाकळीची पाठ म्होरं, पोट मागं." ते मी आजतागायत विसरलो नाही.

मग ती आली. उचगावच्या शेतकऱ्याची मुलगी, पंचविशीच्या आतली. घरचं आवरून स्कूटीवरनं साडेनवाच्या ठोक्याला हजर. संगणकावर चित्रं हलती करायचं शिकून आली होती. धाकट्या मालकांनी, म्हणजे थोरल्यांच्या मुलानं, तिला तीन महिन्यांसाठी घेतलं आणि टेबल दिलं माझ्या टेबलाला लागून. ती मला अण्णा म्हणायची. रोज चहा आला की पहिला कप माझ्याकडं सरकवायची. तिच्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं, याचाच मला जास्त राग यायचा.

महिन्याभरात मालकांनी सांगून टाकलं. "अण्णा, ह्या महिन्याचं मेल हिला करू दे. तुमचं पत्र कोण उघडून वाचतंय आता? उत्तरं आली तर हितनं म्होरं मेल हिच्याकडं. तुमी डिस्पॅच बघा."

डिस्पॅच म्हणजे मागच्या दाराजवळची खोली. खोकी मोजायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या, टेंपोची वाट बघायची. मी "बरं" म्हणालो. कानामागून आली आणि तिखट झाली, हे घरी जाऊन बायकोला तीन वेळा ऐकवलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "अवो, ती पोरगी तुमचं काय घेऊन गेली? पगार तर तेवढाच हाय न्हवं?" बायकोला काय सांगणार? पगार तेवढाच होता. पण निपाणीचा एक पंपवाला माझं पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवतो असं मी एकदा ऐकलं होतं, आणि त्याच्यावर मी कितीतरी वर्षं जगलो होतो.

तिचं मेल म्हणजे पत्राऐवजी एक हलतं चित्र. ते बिघडावं म्हणून मी मनातल्या मनात बरेच देव पाण्यात ठेवले. चित्र जड होईल, गिऱ्हाइकाकडं उघडणारच नाही, असं वाटलं. तिनं ते हलकं केलं, मोजकीच चित्रं एकामागून एक लावली. मग मी साळसूदपणे विचारलं, "काही ऑफिसात म्हणे चित्र हलतच न्हाय, पहिलंच दिसतं. तिथं काय करणार?"

"व्हय अण्णा, म्हणून तर पहिल्याच चित्रात सगळं घातलंय. नाव, माल, नमुना कसा मागवायचा ते. हललं न्हाय तरी काम भागतंय."

चित्र बंद असलं तर दिसावी म्हणून तिनं एक ओळही लिहून ठेवली होती. ती ओळ चार शब्दांची होती आणि माझ्या अख्ख्या पत्रात जे होतं ते त्यात होतं. नाकाला मिरच्या झोंबल्या. मला तिचा हेवा वाटत होता, साधासुधा नाही, पोटात दुखेल इतका. तिला जमतं आणि आपल्याला जमणार नाही, हे रोज दीड हातावरून बघायचं होतं.

पाठवायच्या दिवशी मालक, ती आणि मी असे तिघं एकत्र बसलो. पडद्यावर ओबडधोबड बिडाचा तुकडा आला, त्याची कड तासली गेली, तो चकचकीत झाला आणि इम्पेलर होऊन फिरू लागला. खालून निळं पाणी वर उडालं. खरंच देखणं होतं.

आणि तो उलटा फिरत होता.

मला पहिल्याच फेऱ्यात दिसलं. पाकळीचं पोट पुढं, पाठ मागं. ओंजळीनं पाणी ओढावं तसा तो पाणी ओढत होता. तिनं तीच चूक केली होती, जी मी विसाव्या वर्षी केली होती. मालक इंजिनिअर नाहीत, हिशेबाचं शिकलेले. त्यांना काही कळलं नाही. ते माझ्याकडं वळले. "अण्णा, तुमी मशीनवरचं माणूस. एकदा नीट बघा आणि व्हय म्हणा, मगच पाठवायचं."

मी नीट बघितलं. पुन्हा लावायला सांगून दुसऱ्यांदा बघितलं. ती नखं चावत माझ्या तोंडाकडं बघत होती. हे मेल जाणार पंपवाल्यांना, ज्यांचा जन्म इम्पेलर बघण्यात गेलाय. एवढी फजिती झाली की तीन महिने पुरे व्हायच्या आधीच ती उचगावला परत, आणि पत्र माझ्याकडं परत. हे सगळं माझ्या डोक्यात चहा पिता पिता व्हावं इतक्या सहज झालं.

"छान झालंय," मी म्हणालो. "पाठवा."

तिनं माझ्या पाया पडल्यासारखं केलं. म्हणाली, "तुमी बघितलासा म्हणून धीर आला, अण्णा."

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास लवकर आलो. फजिती बघायची होती. ती झाली, अगदी मनासारखी. निपाणीच्या त्याच पंपवाल्याचं उत्तर सगळ्यात वर होतं: 'तुमचा पंप पाणी उपसतोय का परत विहिरीत सोडतोय?' हुबळीहून एकानं कन्नडात लिहिलं होतं की आमच्याकडं असा फिरवला तर शेतकरी आम्हालाच फिरवतील. राजकोटहून एकानं तर कागदावर बाण काढून फोटो पाठवला होता. पडदा खाली खाली सरकत होता आणि उत्तरं संपत नव्हती. साडेनवाला आलेली ती लाल डोळ्यांनी एकेक वाचत होती. मी रुमाल काढून उगाच चष्मा पुसत होतो.

मग मालक आले. त्यांनी उभ्या उभ्या सगळी वाचली आणि एकदम हसत सुटले. "अगं, रडतीस काय! बावीस वर्षांत एवढी माणसं कधी बोलली न्हाईत आमच्यासंगं! सगळ्यांनी उघडलंय, शेवटपर्यंत बघितलंय. नमुना पायजे म्हणून पण लिहिलंय की ह्यांनी. सरळ फिरीव, माफी माग आणि परत पाठीव."

दुपारपर्यंत ती दुसरं चित्र पाठवून मोकळी झाली. त्यालाही उत्तरं आली. माझ्या एकाही चांगल्या पत्राला जे मिळालं नव्हतं, ते तिच्या चुकीला मिळालं. तिची चूकसुद्धा माझ्यापेक्षा नशीबवान निघाली. मी तिथंच बसून जळत होतो, तेवढ्यात मालकांना आठवलं.

"पण अण्णा, तुमी तर दोनदा बघितलासा न्हवं?"

खोलीत दोघंही माझ्याकडं बघत होते. मला दिसलं होतं म्हणावं, तर मग बोललो का नाही? त्याला उत्तर एकच होतं, आणि ते त्या पोरीसमोर तोंडातून निघेना. तिच्या डोळ्यांत अजून संशयाचा लवलेश नव्हता.

"न्हाय ध्यानात आलं," मी म्हणालो.

मालक रागावले असते तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "असू दे, असू दे. मशीन सोडून लई वर्सं झाली की तुमाला. अगं पोरी, हितनं म्होरं चित्र मिस्त्रीला दाखवत जा." आणि निघून गेले. दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापतात म्हणे. मी ते कापून पुडीत बांधून दिलं होतं.

पहिल्या तारखेपासून मी डिस्पॅचला बसणार हे ठरलं. शेवटच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करत होतो. ती खुर्ची ओढून जवळ आली, हातात कागद आणि पेन. सकाळीच ती शॉपमध्ये जाऊन आत्ताच्या मिस्त्रींकडून सगळं समजून घेऊन आली होती. मला वाईट वाटू नये म्हणून आवाज खाली आणून बोलली.

"अण्णा, मला पण आधी कळलं न्हवतं. तुमचं काय चुकलं न्हाय. बघा, सोपं हाय." तिनं गोल काढला, त्यात वाकड्या पाकळ्या काढल्या, बाहेरून एक बाण काढला. "पाणी वडायचं नसतंय, भिरकवायचं असतंय. ही पाकळीची पाठ म्होरं, हे पोट मागं. कळलं न्हवं?"

मी कागदावर वाकलो. बाण बरोबर होता.

"व्हय," मी म्हणालो, "आत्ता कळलं."