पाव्हण्यांचं पाणी

चितेगावच्या आमच्या लॅबमधले मामा जंतू फोडून त्यांचा रस काढतात आणि कागदाच्या पट्टीवर वाळवतात. थेंबभर पाणी टाकलं, की त्यात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड जास्त असेल तर तासाभरात पट्टी पिवळी होते. "जंतू मेला, पण काम सोडंना," असं मामा कौतुकानं म्हणतात.

चार पट्ट्या त्यांच्या खिशात कायम असतात. त्यांच्या भाचीसाठी मुलाचं घर बघायला मीही गेलो होतो. पाण्याचा तांब्या पुढं येताच मामांनी पट्टीवर थेंब टाकला आणि हात जोडले. "घंटाभर थांबा, पाव्हणं." पोहे गार झाले. मुलगा तीनदा भांग पाडून आला. शेवटी पट्टी पिवळी झाली.

"पोरगा लई चांगला हाय," मामा म्हणाले. "बोअरचं तेवढं बघा, मंग तारीख काढू."

काल ते औरंगपुऱ्यात माझ्या घरी आले. मी दिलेलं पाणी त्यांनी न तपासता एका दमात संपवलं. एवढा विश्वास बघून मला भरून आलं.

"मागल्या बारीला तुमच्या माठातनं बाटली भरून नेली व्हती," मामा तोंड पुसत म्हणाले. "पास हाय."