निऱ्यांचा मासा

कोकणच्या किनाऱ्यावर मासे पकडणारे हजारो झाले, खाणारे तर मोजता यायचे नाहीत; पण माशाला नेमकं काय आवडतं याचा मनापासून विचार करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे मामेसासरे. आमच्या हिचे सख्खे मामा. तारकर्लीला खाडीच्या अंगाला त्यांचं घर. मी मालवणच्या कचेरीत कारकून. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता आणि तारकर्लीला जायचं म्हणजे वाळू तुडवत, चपला हातात घेऊन जायचं. तरी मी दर रविवारी जात असे. मामीच्या हातच्या बांगड्याच्या तिकल्यासाठी जातो असं सांगत असे, पण खरं म्हणजे मामांना बघायला जात असे.

मामा दशावतारी नाटकात स्त्रीपार्टी होते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की डोक्यावर पेटारा घेऊन कंपनीबरोबर बाहेर पडायचे ते वैशाखातच घरी यायचे, आणि तेवढ्या काळात गावोगावच्या देवळांपुढे कधी राणी, कधी गवळण, कधी मोहिनी होऊन उभे राहायचे. इतकी वर्षं राणी झालेल्या माणसाच्या अंगातून राणी उरलेल्या महिन्यांत तरी कशी जाणार? मामा विहिरीवरून कळशी आणत तेव्हा वाटेवरची माणसं बाजूला होऊन बघत. तांदूळ निवडताना ते पायरीवर असे एका कुशीला कलून बसत की येणाऱ्यानं आधी 'वहिनी' म्हणावं आणि मग मिशी शोधावी. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीपेक्षा दाराआडून डोकावून लाजलेले मामाच माझ्या जास्त लक्षात राहिले. ही ते अजून ऐकवते. मामी मात्र चांगली धिप्पाड, आवाज खणखणीत आणि चाल फौजदाराची. ती म्हणायची, "ह्या घरात बायलमाणूस एकच आसा, नि ता मी न्हय!"

मामांना जगात एकाच गोष्टीची पारख होती. चाल. माणूस असो, जनावर असो, होडी असो, मामा आधी त्याची चाल बघत. एकदा आमचे मामलेदार फेरीवर आले होते. सगळा गाव हात जोडून उभा, आणि मामा माझ्या कानात कुजबुजले, "जावयबापू, तुमच्या सायबाच्या पाठीक फळी बांधली हा काय?" मला हसू आवरेना, आणि साहेब नेमके माझ्याकडेच बघत होते. गाय चांगली की वाईट हे लोक कासेवरून ठरवतात, मामा मागून ठरवत. "बगा, माहेराक निघाल्यासारखी चलता," असं म्हणून त्यांनी एक भाकड गाय विकत आणली होती. तिनं शेवटपर्यंत दूध दिलं नाही, पण मामा तिला रोज संध्याकाळी वाळूवरून फिरवून आणत आणि समाधानानं बघत.

एका वर्षी ऐन हंगामात मामा पेटारा घेऊन घरी आले. कंपनीच्या मालकानं एक नवा पोरगा आणला होता. त्याला राणी दिली आणि मामांच्या हातात पांढरी दाढी ठेवली. "आता तुमी ऋषी करा," म्हणाला. मामांनी दाढी त्याच्याच मांडीवर ठेवली आणि चालत सुटले. घरी आल्यावर आठवडाभर ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मामीनं सगळे उपाय केले. ओरडून झालं, बांगडे तळून झालं. शेवटी मला निरोप आला.

मी गेलो त्याच दिवशी शेजारचा पास्कू आपला नवा मासा दाखवायला आला. पास्कू बोटीवर खलाशी. दोन वर्षांनी सुट्टीवर आला होता आणि येताना परदेशातून एक लाकडी मासा घेऊन आला होता. रंगीत, चकचकीत, पोटाला गळाच्या गऱ्या टांगलेल्या. तिकडचे लोक म्हणे आमिष लावतच नाहीत. हा मासा तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, बांधून पाण्यातून ओढायचा, की मोठा मासा त्याला खरा समजून गिळतो. खाडीतल्या खडपाच्या, म्हणजे खडकांच्या, तोंडाशी एक जुना चोणाक मासा राहत होता. गावातल्या प्रत्येकाची गरी त्यानं एकदा तरी तोडली होती. पास्कू म्हणाला, "आज तेचा शेवट!" सगळे किनाऱ्यावर जमले. मामाही उठून आले, पंचा खांद्यावर घेऊन. पास्कूनं मासा फेकला आणि ओढला. पुन्हा फेकला, पुन्हा ओढला. चोणाक काही हलला नाही. आणि मामा, आठवडाभर न बोललेले मामा, मोठ्यानं हसले.

"पास्कू, ह्येका रंग आसा, रूप आसा, पण चाल खंय आसा? मामलेदारासारखो चलता मरे! तेच्यामागे कोण जातलो?"

पास्कूला राग आला. "मगे तुमी करा!"

"करतंय!" मामा म्हणाले, आणि तिथून जे घरात शिरले ते थेट कोयता घेऊनच बाहेर आले.

पुढचे दिवस त्या घरात जे चाललं होतं ते सांगताना आजही मला बसवत नाही, उठून हातवारे करावे लागतात. मामांनी कुंपणाचा पांगारा तोडला, कारण पांगाऱ्याचं लाकूड हलकं. डोळ्यांना गुंजा बसवल्या. रंगाला पेटाऱ्यातला हरताळ, सफेदा आणि काजळ. पहिला मासा पाण्यात पडल्याबरोबर उताणा झाला आणि मेल्यासारखा तरंगू लागला. त्याच्या पोटात शिसं भरलं, तर तो विहिरीच्या तळाशी गेला आणि मामीची कळशी काढायचा आकडा टाकून मला तो वर काढावा लागला. तिसरा भोवऱ्यासारखा गरगर फिरला. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून चौथ्याला शेपूट लावलं, तो चालला, पण मामा मान हलवून म्हणाले, "ही दासी झाली. माका राणी व्हयी." मामी ओसरीवरून ओरडली, "राणी नंतर करा, आधी माका आमटीक खोबरा किसून देवा!" पण तिच्या आवाजात राग नव्हता. नवरा भिंतीकडचं तोंड वळवून बसला आहे, हे तिला दिसत होतं.

आणि मग तो रविवार उजाडला! मी वाळू तुडवत येतो तो खाडीत छातीभर पाण्यात मामा उभे, नऊवारी लुगडं नेसून. तीरावर चार बायका तोंडाला पदर लावून हसताहेत. "जावयबापू, हंय येवा!" मामा ओरडले. "मी जमनीर कसो चलतंय ता माका ठावक आसा. मासो पाण्यात चलता. माका पाण्यात चलून बघूक व्हया!" असं म्हणून त्यांनी पाऊल टाकलं. राणीचं पाऊल. पुढच्या निऱ्यांत पाणी भरलं, निऱ्या फुगल्या आणि त्यांनी मामांना डावीकडे ढकललं. मामांनी तोल सावरला, तर उजवीकडे ढकललं. ते डावीकडे, ते उजवीकडे, आणि मागे कंबर आपोआप, मामांनी काहीच न करता, डुलत होती. मामा मध्येच थांबले. त्यांनी खाली बघितलं. निऱ्या हातात धरून वर केल्या आणि दोन पावलं टाकली, चाल गेली. निऱ्या सोडल्या, चाल आली.

"निऱ्यो!" मामा किंचाळले. "जावयबापू, निऱ्यो! माशाक निऱ्यो व्हयो! मी इतके दिवस शेपटीक चलवतंय, नि चाल आसा फुडे!"

ओल्या लुगड्यानंच ते घराकडे धावले. मी चपला तिथेच टाकून त्यांच्या मागे. मामांनी नारळाच्या करवंटीचा अंगठ्याएवढा तुकडा घासून गुळगुळीत केला आणि माशाच्या हनुवटीखाली पुढे तिरपा बसवला. त्या तुकड्यावर पुढचं पाणी अडायचं, तोंड इकडून तिकडे ढकललं जायचं आणि मागचं अंग डुलायचं. लाख वितळवून वर चढवली, म्हणजे रंग जाऊ नये. मासा सुकेपर्यंत मामा त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते, आणि खोटं कशाला सांगू, मीही मारत होतो. सुकल्यावर तो पाण्यात सोडून ओढला मात्र, आणि तो डुलत निघाला. लाकूड आहे हे माहीत असून मला वाटलं, याला कुणीतरी मागून हाक मारली आहे आणि हा ऐकून न ऐकल्यासारखं करतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत पोटदुखीचं सांगितलं. भरती चढू लागली तशी होडी सुटली. वल्ह्यावर पास्कू, त्याचा राग केव्हाच गेला होता आणि तंगूसही त्यानंच दिला होता. मध्ये मी, दोन्ही काठ घट्ट धरून. पुढे मामा. त्यांनी मासा खडपाच्या सावलीकडे फेकला आणि हळूहळू ओढू लागले. ओढताना पुटपुटत होते, "सावकाश गो बाये, सावकाश. थांब थोडी. हां, आता मागे वळान बग."

पाणी फुटलं! खडपाखालून पितळी रंगाचं काहीतरी उसळलं आणि तंगूस मामांच्या हातातून सरसर निघाला.

"भुललो, चोणाक भुललो!" मामा उभे राहून नाचले. "मेलो भुललो रे!"

"बसा हो मामा, होडी पालथी होयत!" पास्कू ओरडला. चोणाक पाण्याबाहेर उडाला, डोकं झटकून पुन्हा आत गेला. मामांनी हाताला पंचा गुंडाळला. होडीच उलटी ओढली जाऊ लागली. किनाऱ्यावरून मामीचा आवाज खाडीवर घुमला, "सोडू नकात! सोडल्यात तर मी स्वता तुमका दाढी लावतलंय!" मामांनी सोडलं नाही. केव्हा पास्कूनं वल्हं टाकून हात दिला, केव्हा मीही काठ सोडून तंगूस धरला, मला कळलं नाही. चोणाक होडीत आला तेव्हा आम्ही तिघेही त्याच्या अंगावर आडवे पडलो होतो आणि तिघेही हसत होतो.

गावात त्या दिवशी कुणाच्या घरी दुसरं कालवण झालं नाही. मामीनं मामांना मानाची डोक्याची तुकडी वाढली. मामा ताटाकडे बघत बसले.

"जेवा मा. काय झाला?"

"माझ्यार भुललो गो तो," मामा म्हणाले. "तेका खाव कसो?"

मामीनं कपाळावर हात मारला आणि ती तुकडी मला वाढली.

कंपनीचा मालक पंधरा दिवसांत आला. दाढीची गोष्ट त्यानं काढली नाही. नव्या पोराला चाल शिकवा म्हणाला. मामांनी त्या पोराला लुगडं नेसवून खाडीत उतरवलं. पुढच्या हंगामात त्यांनी आपण होऊन ऋषीही केला. तो ऋषी असा काही चालत आला म्हणे, की लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

लाकडी मासे मात्र ते करत राहिले आणि मागेल त्याला देत राहिले. पण स्वतःच्या माशाला त्यांनी पुन्हा गरी लावली नाही. शेवटच्या वर्षांत डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, हात कापायला लागले, तरी ओहोटीच्या वेळी मी गेलो की म्हणत, "चला, जरा फिरान येवया." आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहायचो. मी त्यांचा दंड धरायचा, त्यांनी दोरा ओढायचा.

"चलता मा?" ते विचारायचे.

"चलता, मामा."

एका संध्याकाळी मासा पायांपर्यंत आला, तर त्याच्यामागून बोटाएवढ्या पिल्लांचं एक खांडच्या खांड आलं आणि आमच्या घोट्यांभोवती घुटमळू लागलं. मामांना ती दिसली नसणार; पण पायांना कळली. त्यांनी माझा हात दाबला आणि श्वास रोखून उभे राहिले. मीही हललो नाही. पाणी उतरत होतं. पिल्लं जाईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.