बैलाच्या वाटची अंडी

मी ओतूरला कॉलेजात फुटबॉल खेळत होते. आशियाई स्पर्धेत चीननं आपल्या पोरींना गोल घालून घालून लोळवलं, अशी बातमी पेपरात एका कोपऱ्यात आली. वडिलांनी ती मोठ्यानं वाचली. "पोरींचं काम न्हाई हे. उद्यापासून खेळ बंद."

माझं डोकंच फिरलं. आठवड्यापूर्वी बैलगाड्याच्या शर्यतीत आमचा बैल निम्म्यातच थांबला होता. घरी आल्यावर वडिलांनी त्याच्या खुराकातलं दूध वाढवलं, वर अंडी सुरू केली.

"आप्पा, बैल हारला की खुराक वाढवता, अन् पोरी हारल्या की खेळ बंद?"

आप्पा उठून गोठ्याकडं गेले. सकाळी त्यांनीच बैलाच्या वाटची दोन अंडी माझ्या पुढ्यात आपटली.

"खा मुकाट. अन् त्या चीनला एक तरी घाल!"